माहेराची गोण

रूपाबाईनं भर उन्हाळ्यात घरातला हिवाळा बाहेर काढला.

बाहेर वैशाख असा तापला होता, की तांड्यावरची कुत्री पाण्याच्या टाकीखालच्या चिखलात पोट टेकून पडली होती आणि शिरड शहापूरच्या रस्त्याचं डांबर चपला धरून ठेवत होतं. अशा दुपारी हिनं पत्र्याची मोठी पेटी उघडली. शाली, रग, गोधड्या, मेलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट, सगळं खोलीभर मांडलं. डांबरगोळ्यांचा वास सुटला आणि त्या वासासरशी तिच्या हातावर काटा आला. खरोखरचा. काट्याला काय माहीत, बाहेर ऊन आहे! तिला वाटलं, खोलीच्या त्या कोपऱ्यात पौष येऊन बसलाय, दारात वैशाख उभा आहे, आणि दोघं ओळखपाळख नसलेल्या पाव्हण्यांसारखे एकमेकांकडं बघून राहिलेत.

"विकास, वाच बरं पुन्हा," ती म्हणाली. "कुठं कसली हवा हाय ते."

नातू मोबाईल घेऊन उंबऱ्यावर बसला होता. सकाळपासून हेच वाचून वाचून त्याचं तोंड दुखत होतं. "वसमतला गाडीत बसलो की राजस्थानापर्यंत नुसती आग, दादी. गंगानगरला धुळीचं वादळ सांगितलंय. तिथून ओळखीच्या ट्रकनं जम्मू, तिथं घाम. श्रीनगरला पाऊस. मग घाटात बर्फ. आन् लेहला रात्री वजा."

"वजा म्हंजी?"

"शून्याच्या बी खाली."

"हवा वजा कशी व्हती रे? कुनी काढून नेतं का काय?"

"तसंच समज."

काढून नेलेली हवा रूपाबाईच्या छातीत कुठंतरी लागली. तिनं पदर सारखा केला आणि पेटीत पुन्हा डोकं घातलं.

लेहला तिची नात होती, निता. तिथल्या दवाखान्यात नर्स. नवरा रस्त्याच्या कामावर, डोंगरात गेला की आठवडा आठवडा परत येत नाही. आणि निताचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत या घरात कुणी मोडली नव्हती. पण डॉक्टरनं निताचा प्रवासच बंद केला. पोरगी फोनवर रडली. तेव्हा फोन मोठ्या आवाजात लावलेला, निम्म्या तांड्याच्या बाया ओसरीवर बसलेल्या, आणि सगळ्यांच्या देखत रूपाबाई बोलून गेली, "रडू नको गं. पोरगी माहेरला येत न्हाई, तर माहेर पोरीकडं येईल. मी येते."

बोलली ते बोलली. बायांनी वा वा केलं. तिकिटं निघाली, एक पोचवून परत येणाऱ्या विकासचं, एक तिचं. निताची खोली एवढीशी, त्यात एकच बाई मावणार. म्हशी, पाणी, घर बघायला सून होतीच.

सून म्हणजे दिपा. निताची आई. जावं कुणी, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही तोंड उघडलं नव्हतं. रूपाबाईचं सुनेबद्दलचं मत सगळ्यांना पाठ होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी दिपा औंढ्याच्या जत्रेत हरवली होती. तेव्हापासून घरात मीठ सापडलं नाही, तरी रूपाबाई म्हणायची, "दिपासंगं जत्रेला गेलं असंल."

आता दिपा भिंतीशी बसून निताच्या बाळासाठी जुन्या लुगड्यांचे मऊ तुकडे फाडत होती. फाडताना ती एकेक तुकडा गालाला लावून बघायची. टोचला तर बाजूला, नाही टोचला तर घडी. रूपाबाईनं हे पाहिलं होतं.

विकासनं आखाडा बाळापूरहून चाकांची बॅग आणली होती. मे महिन्यात स्वेटर, पायमोजे, माकडटोपी मागितली म्हणून दुकानदार हसला होता आणि मागच्या फळीवरून धूळ झटकत काढून दिली होती. रूपाबाईनं बॅगेला पायानं ढकललं. बॅग घरंगळत चुलीपर्यंत गेली.

"हिला कुठं थांबायचं ते कळत न्हाई," ती म्हणाली. "आन् सगळं वजन एका अंगाला. ही मला नको."

तिला गोण पाहिजे होती. गोण म्हणजे एकाच पोत्याची दोन पोटं, बैलाच्या पाठीवर इकडं एक, तिकडं एक. तिची आजेसासू सांगायची: गोर माणसं, म्हणजे जुने बंजारे, मीठ आणि दाणे लादून देशोदेशी चालायची तेव्हा लादणारा बैलाच्या एका अंगाला आणि घरातलं दुसरं माणूस पलीकडच्या अंगाला. लादून झालं की इकडचा विचारायचा, "बराबर?" पलीकडून "बराबर" आल्याशिवाय बैल हलवायचा नाही. एक अंग जड गेलं तर बैलाची पाठ सोलते आणि वाटेत अपशकुन होतो. रूपाबाईनं बैल लादले नव्हते. पण ऊसतोडीला जाताना अर्धा जन्म तिनं गाडीत घर बांधलं होतं, आणि गाडीसुद्धा बराबर म्हटल्याशिवाय कधी सुटू दिली नव्हती.

म्हणून तिनं विकासला आढ्याला दोर बांधायला लावला. दोराला मधोमध मुसळ अडकवलं आणि मुसळाच्या दोन टोकांना गोणीची दोन पोटं. एका पोटात माहेर: डिंक, खारीक, बाजरीचं पीठ, घरची हळद, ओवा, शेपा, बाळाच्या दुपट्यांची गठडी. दुसऱ्या पोटात वाट: उन्हाचं, धुळीचं, पावसाचं, बर्फाचं, जाणाऱ्या बाईच्या अंगाला जे लागेल ते.

"दादी, रेल्वेला बैल नसतो," विकास म्हणाला.

"खांद्यावर कोन घेनार?"

"मीच."

"मग हाय की बैल."

दिपा तोंडाला पदर लावून हसली. तेवढ्यात लखमा आली. लखमा शेजारीण, रूपाबाईच्याच वयाची. रोज भांडायची आणि रोज यायची. तिनं खोलीभरचा हिवाळा पाहून कपाळाला हात लावला.

"अगं, उन्हात गोधड्या बघून माझाच जीव घाबरा व्हऊन राहिला. आन् हे काय, फेटिया बी नेती? बर्फात?"

फेटिया म्हणजे रूपाबाईचा घेरदार, आरसे आणि जुनी नाणी टाकलेला घागरा. तांड्यावर आता दोघीतिघीच तो घालायच्या. बाकी साऱ्या साडीवाल्या झाल्या होत्या.

"मग काय उघडी जाऊ?"

"आरशांवर बर्फ बसंल."

"बसू दे. त्याला बी कधी त्वांड बघायला मिळू दे."

लखमा हसली, मग हसता हसता आवाज खाली करून म्हणाली, "रूपे, पन त्या डॉक्टरनं जे सांगितलं..."

"लखमा!" रूपाबाई अशी कडाडली, की विकासचा मोबाईल हातातून निसटला. "तुझी म्हैस बोंबलून राहिली. जा, बघ."

"माझी म्हैस तर..."

"जा म्हनते ना."

लखमा गेली. दिपाच्या हातातलं फाडणं थांबलं होतं.

डॉक्टरनं सांगितलं होतं ते एवढंच, की आजी, तुमचा दमा बघता तिकडं जाऊ नका. इथं ओट्यावर चढताना पंप लागतो, तिथं तर धडधाकट माणसाला दम पुरत नाही. रूपाबाई लखमाला घेऊन गुपचूप गेली होती आणि येताना रिक्षात तिला लेकराबाळांची शपथ घातली होती. निता फोनवर विचारायची, "दादी, दम बरा हाय ना? इथं हवा लई पातळ असती." रूपाबाई म्हणायची, "ताक का काय, पातळ असायला?" आणि फोन ठेवून भिंत धरून उभी राहायची. न जावं तर साऱ्या तांड्यापुढं दिलेला शब्द खाली पडतो आणि पोरगी तिकडं एकटी पडते. जावं तर आपलंच ओझं पोरीच्या दारात नेऊन टाकायचं. मधली वाट तिला दिसत नव्हती. समोर होती, पण दिसत नव्हती.

दुपार अजून जड झाली. विकास टाकीवर पाणी आणायला गेला. रूपाबाई गोधड्यांच्या ढिगाला टेकली, म्हणाली, "जरा पाठ टेकते," आणि डोळे मिटले.

मिटले तरी उजेड गेला नाही. पापण्यांच्या आत तो पिवळाच राहिला, हळदीच्या ढिगासारखा. मग तो हलू लागला. ती हळद नव्हती, वाळू होती; वाऱ्यावर बारीक बारीक उडत होती आणि तिच्यातून बैल चालले होते. गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, पण आवाज मागं राहत होता आणि बैल पुढं. एकाच्या पाठीवर तिचं सगळं घर होतं, चूल, उंबरा, पिंपळाची सावलीसुद्धा घडी घालून ठेवलेली. ती बाजूनं चालत होती. तिचे पाय कोवळे होते, ऊसतोडीच्या आधीचे. आजेसासू कुठूनतरी म्हणाली, मारवाडातनंच आलो गं आपन, घाबरू नको, वाट ओळखंल तुला.

वाळू ओली झाली. वरून पाऊस नव्हता, पण हवेतच पाणी लोंबत होतं, ओल्या लुगड्यासारखं. ते बाजूला सारत सारत ती गेली. एका ओल्या पडद्यापलीकडं हिरवं होतं, दुसऱ्यापलीकडं त्याहून हिरवं. बैल कधी संपले कळलं नाही. आता तिच्याच दोन खांद्यांवर गोण होती, आणि समोर पांढरं.

बर्फ तिनं पाहिला नव्हता. गारा पाहिल्या होत्या. म्हणून स्वप्नानं तिला कापूस दिला. फुटलेला, वेचणीला आलेला, डोंगरच्या डोंगर कापूस. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. आणि किती शांत! वेचणाऱ्या बाया नाहीत, गाणं नाही, पाखरू नाही. फार लांब, कापसाच्या त्या टोकाला, निता पाठमोरी उभी होती, एक हात कमरेवर ठेवून, पोटुशी बाई उभी राहते तशी.

"निता," तिनं हाक मारली. हाक निघाली नाही. हाकेला लागणारी हवा कुणीतरी वजा केली होती.

ती एकेक पाऊल टाकत गेली. गोण जड, छाती रिकामी. निता जवळ येईना. मग तिच्या शेजारून कुणीतरी पुढं गेलं. घाई नाही, धावपळ नाही. डोक्यावर पदर, पायात साध्या चपला, पाण्याचे हंडे आणताना चालावं तसं सरळ. रूपाबाईला तोंड दिसलं नाही. पण त्या चालीला तिनं हजारदा नावं ठेवली होती, ती चाल तिला कशी ओळखू येणार नाही? ती बाई कापसावरून गेली आणि बुडाली नाही. निता वळली.

रूपाबाई दचकून उठली ती घुसमटतच. तोंड उघडं, आत काही जाईना. खोली, गोधड्या, मुसळ, सगळं लांब गेलं. आणि तेवढ्यात तिच्या तोंडाशी पंप आला, दाबला गेला, पुन्हा दाबला गेला. पाठीवर एक हात होता, वर खाली, वर खाली.

"हळू, याडी. हळू घ्या." याडी म्हणजे आई; सासूला तसं म्हणणारी दिपाच.

दम हळूहळू घरी आला. रूपाबाईनं डोळे पुसले आणि पहिलं काय विचारलं तर, "पंप तुला कुठं सापडला?"

"ओव्याच्या डब्यात."

"मी लपवला व्हता."

"म्हाईत हाय," दिपा म्हणाली. "दर महिन्याला नवीन कोन ठेवतं त्यात?"

रूपाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, तर मुसळ वाकडं लोंबत होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "गोण बघू. अजून बराबर न्हाई."

दोघी दोन अंगांना उभ्या राहिल्या. वाटेचं पोट कोटानं आणि फेटियानं एवढं जड झालं होतं, की ते जमिनीला टेकलं होतं आणि माहेराचं पोट वर छताशी गेलं होतं. रूपाबाईनं आधी नवऱ्याचा कोट काढला. मुसळ जरासं हललं. रग काढला. अजून वाकडंच. मग तिनं फेटियाला हात घातला. तो बाहेर आला तसे त्याचे आरसे भिंतीवर, छतावर, दिपाच्या तोंडावर उजेडाचे ठिपके टाकत फिरले. मुसळ गर्रकन दुसऱ्या बाजूला कललं.

"आता लईच हलकं झालं. काहीतरी दे."

दिपानं हाताशी आलं ते दिलं, दोरीवर वाळत घातलेली तिची साडी. रूपाबाईनं ती घडी करून आत टाकली. "अजून." दुसरी साडी. "अजून, पातळसं काहीतरी." दिपाची चादर, जिच्या कडेला तिनं स्वतः टाके घातले होते. मग स्वेटर, पायमोजे, माकडटोपी, छत्री. मुसळ थरथरलं, एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि थांबलं. सरळ. तळ्यातलं पाणी निवळतं तसं.

रूपाबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बराबर?"

पलीकडून दिपा म्हणाली, "बराबर."

रूपाबाईचा हात अजून गोणीच्या तोंडात होता. त्या पोटात तिचं एकही कापड नव्हतं. तिनं बोटांनी चाचपून पाहिलं: साडी, साडी, चादर. विचारणाऱ्यानं विचारलं होतं, पलीकडच्यानं उत्तर दिलं होतं. आता यातलं दिपाचं काढून स्वतःचं भरायचं म्हणजे लादलेली गोण उतरवायची. ते तिच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. फेटिया जमिनीवर पडला होता आणि त्याच्या आरशांमध्ये आढं, दोर आणि सरळ राहिलेलं मुसळ तुकड्या तुकड्यांनी दिसत होतं. मग तिनं नेहमीचा आवाज शोधून काढला.

"पोलकी कोन टाकनार? का काश्मीरला तशीच जाती?"

दिपा तिच्याकडं बघतच राहिली. "याडी... मी?"

"मग काय मुसळ जानार हाय?"

"पन तुमी तर साऱ्या तांड्याला सांगितलं..."

"काय सांगितलं? माहेर येईल म्हनून सांगितलं. आईशिवाय माहेर कुठलं असतं गं? एवढं बी कळू नये?"

दिपा खाली बसली. मटकन नाही, हळू, जपून, हातातलं भरलेलं भांडं खाली ठेवावं तशी. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती पुसायचंही विसरली. "मी हरवले तर?" एवढंच ती म्हणाली.

"हरव. विचारीत विचारीत जा. त्वांड हाय ना तुला? आत्ता तर लई बोलली, पंप अन् डबा."

विकास पाण्याचे हंडे घेऊन आला, तर आजी बाजेवर आणि आई जमिनीवर. आईच्या पायात लोकरीचे पायमोजे. काय चाललंय हे कळायला त्याला वेळ लागला. कळलं तेव्हा म्हणाला, "अगं दादी, तिकीट तुझ्या नावाचं हाय!"

"नाव बदलत न्हाई का?"

"बदलतं. घरातलं मानूस असलं तर बदलून देतात."

"मग ही काय शेजारची हाय?"

विकासनं आईकडं पाहिलं. दिपानं मान खाली घातली, पण कान लाल झाले होते.

"आता ऊठ," रूपाबाई म्हणाली. "घाल सगळं. चालून दाखव. तिकडं जाऊन पायात पाय अडकवून पडलीस, तर नाव माझं जाईल."

"आत्ता? या उन्हात?"

"आत्ताच."

आणि अशा रीतीनं त्या दुपारी तांड्यानं एक नवल पाहिलं. साडीवर स्वेटर, वर चादर, डोक्याला माकडटोपी, पायमोज्यांवर चपला आणि हातात छत्री, अशी दिपा घरातून बाहेर आली. बाजेवरची पोरं उठून बसली. कुत्र्यांनी चिखलातून माना वर केल्या. लखमा दारात आली आणि आधी पोट धरून हसली. मग हसू थांबवून उंबऱ्यावर येऊन बसलेल्या रूपाबाईकडं वळली. तिच्या नजरेत प्रश्न होता, पण तो तिनं तांड्यापुढं मोठ्यानं विचारला नाही. लखमाचं हे रूपाबाईनं मनात जपून ठेवलं. तोंडावर मात्र म्हणाली, "काय बघती? पाठवनारं मानूस मोठं असतं. जानारं कुनी बी जातं."

"व्हय, व्हय," लखमा म्हणाली आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली.

"टाकीपर्यंत जा अन् वळ," रूपाबाईनं सुनेला हुकूम सोडला. "हळू. दम खात. तिकडं घाई करनारी मानसं खाली बसतात."

दिपा चालू लागली. आधी लाजून, पायमोज्यांत चपला घसरत, मग जरा सरळ. उन्हानं रस्त्यावरची हवा वितळून थरथरत होती आणि त्या थरथरीत तिचे पाय दिसेनासे झाले. वाटत होतं, ती जमिनीपासून वीतभर वरून चालली आहे, पांढऱ्या, खोल, मऊ कशावरून तरी. तिच्याभोवती पौष होता आणि पौषाभोवती वैशाख. टाकी आली. टाकीपाशी ती जराशी थांबली, छाती भरून श्वास घेतला, सांगितलं होतं तसा.

मग ती वळली नाही. शिरड शहापूरच्या रस्त्यानं पुढं गेली. आणखी पुढं, हंडे आणताना चालावं तशी सरळ, बाभळीच्या पार, छत्री हलकेच उघडत.

"याडी, आई कुठं चालली?" विकास म्हणाला. घाबरला की तो आजीला दिपासारखंच याडी म्हणायचा.

रूपाबाईच्या तोंडात हाक आली होती. पूर्ण, सणसणीत, अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल अशी. तेवढा दम तिच्याकडं अजून होता. तिनं ती हाक तोंडातच ठेवली आणि डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.